पाडव्याला बी पेरावं की मृगाची वाट पाहावी?

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीला असते. मार्च लागला की तिची बागेची लगबग सुरू होते. खिडकीत रोपं, अंगणात वाफे. इकडे पुण्यात मी गच्चीवर भाजी लावायची म्हटलं, तर शेजारच्या आजी म्हणतात, “आता उन्हाळा आला, मृग लागू दे.” पण चैत्र-वैशाख म्हणजे वसंतच ना? मग आपला वसंत बागेच्या उपयोगाचा नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या मुलीचंही बरोबर आहे आणि आजींचंही. ऋतूचं नाव एक असलं, तरी दोन्हीकडची अडचण वेगळी आहे.

बियाला उगवायला ओल आणि ऊब दोन्ही लागतात. न्यू जर्सीत हिवाळ्यात माती गोठते. भेंडीसारखं बी सोळा-सतरा अंशांखालच्या थंड मातीत पेरलं, तर उगवण्याऐवजी कुजण्याचीच भीती. म्हणून तिथली माणसं रात्री दव गोठायचं थांबेपर्यंत, म्हणजे साधारण एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, नाजूक रोपं घरात जपतात. आपल्याकडे मातीत ऊब बाराही महिने असते. टंचाई असते ती ओलीची. ते उन्हाची वाट पाहतात, आपण पावसाची. सूर्य मृग नक्षत्रात जातो ७-८ जूनच्या सुमारास. शेतकरी तेव्हा आभाळाकडे बघतो ते याचसाठी. आजींच्या बोलण्यात हाच हिशेब आहे.

पण गच्चीवर नळाचं पाणी आहे, म्हणून तुम्हाला मृगापर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. जरा रस्त्यावरच्या पिंपळाकडे, करंजाकडे बघा. पावसाचा थेंब नसताना त्यांना चैत्रपालवी फुटते, कारण त्यांची मुळं खोलवरच्या ओलीपर्यंत पोचलेली असतात. कुंडीतल्या रोपाला मिळते जेमतेम फूटभर माती. झाडाला जमिनीची खोली जे देते, ते या रोपाला तुम्ही द्यायचं : टिकणारी ओल आणि मुळांना गारवा. एवढं जमलं की आपल्या वसंतातही बाग सुरू होते.

पहिल्यांदा लावताना उन्हाला न भिणाऱ्या भाज्याच निवडा. भेंडी, गवार, चवळी, काकडी, लाल माठ. भेंडीचं बी रात्रभर भिजवून बारा इंच खोल कुंडीत लावलं, तर आठवडाभरात उगवतं आणि दीड-दोन महिन्यांत भेंडी तोडायला येते. माठाला सहा इंच माती पुरते. बी विस्कटायचं, वर बारीक मातीची पातळ चादर द्यायची, पाणी हलक्या हाताने शिंपडायचं. महिन्याभरात लसणाच्या फोडणीपुरती भाजी मिळते. नवशिक्याचा हुरूप टिकायला माठासारखं दुसरं पीक नाही. बाजारातून आणलेल्या पुदिन्याच्या चार जून काड्याही अर्धवट सावलीत खोचून द्या.

कोबी, फ्लॉवर, मटार, पालक यांचा हट्ट मात्र आता नको. ही थंडीची पिकं. उन्हात पालक लगेच तुऱ्यावर येतो. टोमॅटोची रोपं जगतात, पण पारा ३५ अंशांपुढे गेला की फुलं गळतात. अशा वेळी आपलंच काही चुकलं म्हणून बाग सोडून देणारी बरीच माणसं मी पाहिली आहेत. चूक त्यांच्या हाताची नसते, वेळेची असते.

आता आपल्या वसंताच्या खऱ्या देण्याकडे येतो : पालापाचोळा. माघ-फाल्गुनात गळलेली पानं या दिवसांत सोसायटीच्या कोपऱ्यात ढिगाने पडलेली असतात आणि दुर्दैवाने बरेचदा पेटवली जातात. ती जाळू देऊ नका. दोन पोती भरून आणा. एका पोत्यातली पानं कुंड्यांतल्या मातीवर दोन इंच जाड पसरा. या आच्छादनामुळे ऊन थेट मातीवर पडत नाही आणि ओल दुप्पट टिकल्यासारखी वाटते. दुसऱ्या पोत्यातली पानं चुरून, त्यावर शेणाचं पाणी किंवा आंबट ताक शिंपडून, सावलीत ठेवा. आठवड्यातून एकदा खालीवर करा, कोरडी पडू देऊ नका. मृगापर्यंत त्याचा काळसर, मऊ चुरा होऊ लागतो. पावसाळ्यातल्या कुंड्यांसाठी यासारखी भर विकत मिळत नाही.

प्रश्न : कुंडीत काय भरू, आणि पाणी किती घालू?

उत्तर : एक भाग बागेची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग नारळाचा भुसा किंवा पानांचा चुरा. नुसती काळी माती नको. ती ओली असताना चिकट होते आणि वाळली की तडकते. कुंडीच्या तळाचं भोक खापराच्या तुकड्याने झाका, बुजवू नका.

पाण्याचं माप लिटरमध्ये सांगता येत नाही, ते बोटाला कळतं. बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर भोकातून पाणी निघेपर्यंत घाला. ही तपासणी सकाळी आठच्या आत करा. एप्रिलच्या दुपारी पानं माना टाकतात, पण संध्याकाळी ती सावरली तर काळजी नको. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या तापून मुळं भाजतात. त्यांना बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. कोवळ्या रोपांवर दुपारी बारा ते चार जुनी सुती साडी ताणली, तरी शेडनेटचं काम होतं.

सुरुवात तीनच कुंड्यांनी करा : एक माठाची, एक भेंडीची, एक गवारीची. आणि माठाची पहिली जुडी शेजारच्या आजींना नेऊन द्या. मृगाला काय लावायचं ते त्यांनाच विचारा. डब्यात राखून ठेवलेलं घरचं दोडक्याचं बी त्यांच्याकडे असेल, तर पावसाळ्याची तुमची बाग तिथूनच सुरू होईल.