घोरणे, दात खाणे आणि दंतवैद्य

मोठ्याने घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नव्हे. झोपेत जीभ व घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग अरुंद होतो. श्वास वारंवार १० सेकंद वा अधिक काळ थांबत असल्यास तो स्लीप ॲप्निया असू शकतो. उपचाराअभावी उच्च रक्तदाब व दिवसा डुलकी लागून अपघात होण्याचा धोका वाढतो. स्वतःचा थांबलेला श्वास स्वतःला कळत नाही. म्हणून घरातील व्यक्तींना विचारावे.

पुढील लक्षणे आढळल्यास दंतवैद्यांना दाखवावे :
• सकाळी जबडा किंवा डोके दुखणे
• दात झिजून आखूड होणे, कडा तुटणे
• उठल्यावर तोंड कोरडे पडणे

झोपेत दात खाण्याची सवय असल्यास दंतवैद्य रात्री घालावयाचे दंतरक्षक बनवून देतात व झिजलेले दात पूर्ववत करतात. कारण दूर न करता केवळ हसणे सुंदर दिसावे म्हणून दात बसविल्यास तेही झिजतात.

स्लीप ॲप्नियाचे निदान मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने केलेल्या निद्रा-तपासणीनेच होते. सौम्य व मध्यम विकारात खालचा जबडा किंचित पुढे धरणारे उपकरण उपयोगी पडते. तीव्र विकारात बहुधा सीपॅप यंत्र लागते.

निदानापूर्वी बाजारातील उपकरण वापरू नये. रात्री मद्य टाळावे. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.