लोंबी आणि रेझिन

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रसायनावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. कारण सांगतो. बेळगावबाहेरचे आमचे भाताचे शेत रस्त्यासाठी गेले. शेवटच्या सुगीच्या सात लोंब्या (आईच्या कानडीत 'तेने') बाबांनी कपाटात जपून ठेवल्या होत्या. कीड लागण्याआधी त्या पारदर्शक ठोकळ्यात बंद कराव्यात, असे मी ठरवले.

यासाठी लागणारे इपॉक्सी रेझिन म्हणजे १९४६ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने बाजारात आणलेल्या अ‍ॅराल्डाइटचे पातळ भावंड. एका बाटलीत रेझिन, दुसरीत हार्डनर. मिश्रण घट्ट होते, पण रंगासारखे वाळत नाही. त्यातून काही उडून जात नाही. दोहोंचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. म्हणून लवकर व्हावे यासाठी हार्डनर जास्त घालणे व्यर्थ. जोडीदार न मिळालेला हार्डनर तसाच उरतो आणि ठोकळा चिकट राहतो. जमा आणि नावे जुळलीच पाहिजेत! बाटलीवरचे प्रमाण वजनाचे की मापाचे, हेही नीट वाचावे.

हे सारे वाचूनही पहिल्या खेपेला मी तीन लोंब्या घालवल्या. डब्यात चार बोटे रेझिन एकदम ओतले. रेणू गुंफले जाताना उष्णता निघते. थर जाड असला तर ती आतच कोंडते आणि क्रिया आणखी वेग घेते. डबा हातात धरवेना. ठोकळा पिवळा पडला, तडकला. लोंब्या वर तरंगल्या, टरफलांतल्या हवेचे असंख्य बुडबुडे आत अडकले. बाबा काही बोलले नाहीत, हेच जास्त लागले.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. पावसाळ्यात लोंब्या ओल धरतात आणि ओल राहिली की ठोकळ्यात दोष येतो, म्हणून त्या आठवडाभर सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवल्या. मग ब्रशने रेझिनचा पातळ हात देऊन टरफलांची छिद्रे बुजवली. साच्यात अर्धा बोट थर ओतला, तो चिकट असतानाच तीन लोंब्या टेकवल्या आणि वरचे थर काही तासांच्या अंतराने दिले. हातमोजे घातले, खिडक्या उघड्या ठेवल्या. हार्डनर कातडीला बाधतो.

बाबांनी ठोकळा उजेडात धरून पाहिला. म्हणाले, "यातले दाणे पेरता येतील का रे?"

नाही, म्हणालो. सातवी लोंबी त्यांनी कपाटातच ठेवली आहे.