उघड्यावरील पेटीतील केबलजोडांचे गंजण्यापासून संरक्षण

घाटमाथ्यावरील ज्या पावसाच्या पाण्यावर भिवपुरीचे जलविद्युत केंद्र १९२२ सालापासून चालत आले आहे, त्याच पावसाने पायथ्याच्या गावांत जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब राहते. ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातील इंटरनेट नेमके याच दिवसांत बंद पडते, आणि खरीप पीक विम्याचे अर्ज भरण्याची मुदतही साधारणतः जुलैअखेरच संपते. यंत्र बिघडले असावे अशी समजूत होते; परंतु भिंतीवरील किंवा खांबावरील पेटी उघडून पाहिल्यास दोष बहुधा केबलच्या टोकाच्या आठ पत्र्यांच्या जोडात सापडतो. त्यावर तांब्यापितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवट थर आलेला असतो.

समुद्रकाठी हे काम खारा वारा करतो. भिवपुरीस मात्र पेटीचा श्वासच त्यास कारण होतो. उन्हाने पेटीतील हवा तापून बाहेर पडते. सर येऊन पेटी थंड झाली की बाहेरची दमट हवा फटींतून आत ओढली जाते आणि तिचे दव जोडावर बसते. म्हणून चहूबाजूंनी पक्की लिंपलेली पेटीही आतून ओली आढळते. पुष्कळ ठिकाणी याच केबलमधून यंत्रास वीजही पुरविली जाते. ओल्या जोडातून अशी एकदिश वीज वाहू लागली म्हणजे धन बाजूचा धातू नुसत्या ओलीपेक्षा कितीतरी लवकर झिजतो.

पेटी पागोळीखाली किंवा गोठ्याच्या भिंतीवर बसवू नये. शेणमुतापासून सुटणारा अमोनिया वायू तांब्यापितळेस खातो. केबल नेहमी पेटीच्या तळातून, रबरी ग्लँडमधून आत न्यावी व आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तेथेच गळून पडते. तळाशी एक बारीक छिद्र ठेवून त्यास मुंग्या न येतील अशी जाळी लावावी. छिद्र बुजविण्याचा मोह पुष्कळांस होतो, तो टाळावा.

फटी लिंपण्यासाठी सिलिकॉन घेताना वास पाहावा. शिरक्यासारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते. बंद पेटीत ते आम्ल जोडांनाच गंजविते. बिनआम्लाचे, ‘न्यूट्रल’ असे छापलेले सिलिकॉन घ्यावे. केबलही शुद्ध तांब्याची व बाहेरच्या वापरासाठी बनविलेली असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण मुलामा खरचटला की ओलीत झपाट्याने खराब होते.

मे महिन्याच्या अखेरीस, कोरड्या दिवशी, वीज बंद करून पेटी उघडावी. जोड नुसता मळकट असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावा व विद्युतजोडांसाठी मिळणाऱ्या सिलिकॉन ग्रीजचा पातळ थर द्यावा. यंत्राचे साधे ग्रीज चालत नाही. हिरवट थर आलेला जोड खरवडीत बसू नये, कारण खरवडताना पत्र्यांवरील सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो. तार चांगली लागेपर्यंत मागे कापून नवा जोड बसवावा. तेवढ्यासाठी केबल लावतानाच हातभर जादा ठेवलेली असावी. यंत्राच्या बाजूची खाचही पाहावी; ती हिरवी झाली असल्यास नवा जोडही टिकत नाही.

ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी पेटीत ठेवतात. भिवपुरीच्या पावसात ती लवकर भरून जाते, आणि वर्षभर तशीच पडून राहिलेल्या पुडीचा काहीच उपयोग नसतो. रंग बदलणारी पुडी घेऊन ती पावसाळ्यात पंधरवड्याने पाहावी, मात्र पाऊस कोसळत असताना पेटी उघडू नये.