बागेची दुरुस्ती आणि नगरसेवकांचा निधी

प्रश्न : आमच्या बागेतल्या झोपाळ्याची साखळी तुटायला आली आहे, दोन दिवे बंद आहेत. नगरसेवक म्हणतात, यंदाचा निधी संपला. आता पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं का? – एक आजी, पुणे

उत्तर : आजी, अजिबात थांबू नका. बागेची रोजची देखभाल नगरसेवकांच्या निधीवर अवलंबून नसते. ते काम महापालिकेच्या उद्यान विभागाचं आणि दिव्यांचं विद्युत विभागाचं. नगरसेवक अंदाजपत्रकात नवी कामं सुचवू शकतात, प्रभाग समितीत अधिकाऱ्यांना जाब विचारू शकतात. म्हणून त्यांच्याकडे पैसे मागू नका, पाठपुरावा मागा.

साखळीचं आजच पाहा. कडी झिजून तारेएवढी झाली असेल, तर रखवालदाराला सांगून झोपाळा वर बांधून ठेवा. नातवंडं दुरुस्तीची वाट पाहत नाहीत. मग फोटोसह लेखी तक्रार क्षेत्रीय कार्यालयात द्या, पोच घ्या आणि तिची प्रत नगरसेवकांना द्या. तोंडी तक्रार विसरली जाते, हे मी फार वेळा पाहिलंय. उत्तर आलंच नाही, तर माहिती अधिकारात 10 रुपये भरून देखभालीच्या ठेक्याची प्रत मागा; 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

दिव्याआड फांदी येत असली, तरी ती स्वतः तोडू नका. 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

नवा बाक हवा असेल, तर नागरिकांनीच महापालिकेला कामं सुचवायची 'नागरिकांचं अंदाजपत्रक' ही सोय आहे. पुण्यात ते 2006मध्ये सुरू झालं. अर्ज मागवले, की शेजारणींना घेऊन तुमचाही भरा.