घरची वऱ्हाडी आणि पोराचं इंग्रजी

"पोट्टं घरी वऱ्हाडीच बोलते जी, मंग इंग्लिश कसं सुदरंन?" अकोल्याच्या जुन्या शहरातल्या पालकसभेत हा प्रश्न हटकून येतो. ताई, भाऊ, आधी एक ठरवू या. पोरानं लंडनवाल्यासारखं बोलावं, की त्याचं बोलणं समोरच्याला नीट कळावं?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडात मरे मन्रो आणि ट्रेसी डेरविंग यांनी चिनी मातृभाषेच्या लोकांचं इंग्रजी तिथल्या इंग्रजीभाषकांना ऐकवलं. १९९५ साली छापलेला त्यांचा निष्कर्ष असा, की हेल चांगलाच परका वाटला तरी बोलणं पुष्कळदा पूर्ण कळतं.

आणि वऱ्हाडीवर उगाच खापर फोडू नका. 'शाळे'ला 'शाया' म्हणणारं पोरगं 'स्कूल'मधला ल बरोबरच काढतं. आपल्याकडे य होतो तो ळ चा, ल चा नाही.

खरी अडचण दुसरीकडेच आहे. आपला एकच 'व' इंग्रजीतल्या दोन आवाजांचं काम करतो. पोराला आरशापुढे उभं करा. 'व्हॅन' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. 'वन' म्हणताना दात लांब, ओठ गोल. 'झिरो'तल्या आवाजासाठी तर क्लासही नको, गल्लीतला उर्दू बोलणारा दोस्त 'ज़रा' म्हणतो त्यात तो आयता मिळतो. याहून मोठी भानगड जोर कुठे द्यायचा याची. 'फोटोग्राफ'मध्ये तो 'फो'वर पडतो, 'फोटोग्राफी'त 'टॉ'वर सरकतो. आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनानं म्हणतो, तिथं ऐकणारा अडखळतो. हे नियम पाठ करून येत नाही. इंग्रजी बातम्यांतली दोन-चार वाक्यं ऐकायची, लगेच तशीच म्हणायची, मोबाइलवर रेकॉर्ड करून ताडून पाहायची. रोज थोडंच, पण रोज.

पाहुणे आले की "इंग्लिश बोलून दाखव" हा तमाशा मात्र बंद करा. त्यापेक्षा श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीनं राजराजेश्वराला कसं येतं, हे त्याला इंग्रजीत सांगू द्या. पाहिलेलं असलं की शब्द शोधायला हुरूप येतो. मध्येच टोकू नका. सांगून झाल्यावर एखादाच शब्द घोटून घ्या. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी अडत नाही. "समजलं नाही रे, जरा सावकाश सांग," एवढं तर आपल्याला म्हणता येतंच.