सी.एफ.ए. परीक्षा: अर्जाआधी पासपोर्ट पाहा

वित्तक्षेत्रात शिरू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी सी.एफ.ए. परीक्षेची थोडी माहिती देत आहोत. परीक्षेच्या तीन पायऱ्या असून पहिली फेब्रुवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबरमध्ये होते.

अर्ज भरण्यापूर्वी पासपोर्ट काढून पाहावा. अर्जातील नाव त्याच्याशी तंतोतंत जुळावे लागते. हिब्रूत स्वरचिन्हे सहसा लिहीत नाहीत, म्हणून 'पेणकर' हे आडनाव इंग्रजीत 'पंकर' किंवा 'फंकर'ही होऊन बसते. भारतातील दाखल्यांवर एक आणि पासपोर्टावर दुसरे, असे चालत नाही. दुरुस्ती करायची तर आधी पासपोर्टात करावी, मग फी भरावी.

प्रत्येक पायरीस सुमारे 300 तासांचा अभ्यास लागतो असे मानतात. रविवार ते गुरुवार रोज दोन तास धरल्यास तीस आठवडे होतात. फेब्रुवारीत बसणाऱ्याने जूनमध्येच आरंभ करावा, कारण मध्ये तिश्रीचे सण येतात.

अर्ज लवकर केल्यास फी कमी पडते. 2021 पासून परीक्षा संगणकावर होते आणि ठरलेल्या मुदतीतील उपलब्ध दिवस आपणच निवडायचा असतो. तेव्हा शब्बाथ सोडून दिवस मिळावा म्हणून जागा लवकर राखावी. आपला नेम मोडून परीक्षा देण्याचे कारण उरलेले नाही.