पित्ताशयातला खडा : दाणा धरतो कसा?



पॅनमध्ये साखरेचा दाणा कसा धरतात, हे आपल्यापैकी पुष्कळांनी कारखान्यात पाहिले आहे. पाक नुसता घट्ट होऊन भागत नाही. त्याला बी द्यावे लागते आणि दाणा वाढायला सवड द्यावी लागते. हीच तीन कामे पोटात सुरू झाली, की पित्ताशयात खडा होतो.

आधी एक घोटाळा दूर करू. आंबट ढेकर आली की आपण 'पित्त झालं' म्हणतो. ते जठरातले आम्ल. इथे विषय आहे यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसाचा. पित्ताशय म्हणजे उजव्या बरगडीखाली यकृताला चिकटलेली छोटी पिशवी. तीत ३० ते ५० मिलिलिटर रस मावतो.

पित्तरसात कोलेस्टेरॉल असते. ते पाण्यात विरघळत नाही. पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला विरघळवून ठेवतात. यकृताने ते जास्त सोडले, की रसाला ते पेलवत नाही. पण असा रस असूनही पुष्कळांना खडे होत नाहीत. मग काहींनाच का होतात? त्याचे उत्तर बरेचसे या पिशवीत आहे.

पहिले, पिशवी रसातले पाणी शोषून तो पाच ते दहा पट दाट करते. हे तिचे नेहमीचेच काम. पण रसात कोलेस्टेरॉल जादा असेल तर तेच अंगाशी येते. दुसरे, तिच्या अस्तरातून बुळबुळीत स्राव सुटतो. तो वाढला की कोलेस्टेरॉलचे बारीक कण त्यात अडकतात आणि दाणा धरतो. तिसरे, पिशवी नीट रिकामी होत नाही. एरवी तेला-तुपाचे अन्न आतड्यात आले, की ती आवळून रस बाहेर टाकते. कोलेस्टेरॉल तिच्या भिंतीत मुरले की स्नायू ढिले पडतात. मग गाळ साचतो आणि खडा सावकाश वाढत जातो. गरोदरपणातही पिशवी सुस्तावते. फार दिवस उपाशी राहिले किंवा झपाट्याने वजन उतरवले, तरी धोका वाढतो.

म्हणूनच शस्त्रक्रियेत नुसता खडा न काढता पिशवीच काढतात. बर्लिनचे शल्यविशारद कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली ती प्रथम काढली. पिशवी राहिली तर खडे पुन्हा होतील, हा त्यांचा विचार होता. आता हे काम बहुधा दुर्बिणीतून होते. पिशवी नसली तरी यकृताचा रस थेट आतड्यात जातो आणि पचन चालू राहते.

आपल्याकडे मुतखडा आणि हा खडा एकच समजतात आणि 'भरपूर पाणी पी, पडून जाईल' असा सल्ला देतात. पाणी जाते मूत्रपिंडाकडे. पित्ताशयातला खडा त्याने धुऊन निघत नाही. खडा सरकून नळीत अडकला, तर उलट जिवावर बेतते.

तेव्हा लक्षात ठेवू :

– सोनोग्राफीत खडा दिसला पण त्रास नाही, तर बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. तरी डॉक्टरांना विचारावे.

– जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती पाठीत, उजव्या खांद्यात जात असेल, तर तपासणी टाळू नये.

– कळ थांबत नसेल, थंडी-ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ऊसतोड चालू आहे, गाडी भरायची आहे, म्हणून थांबू नये.

तोड एक दिवस पुढे ढकलता येते. घरातल्या माणसांनाही हे वाचून दाखवावे, ही विनंती.